हजार गुणांची चिठ्ठी: राजेपण नेमकं असतं कशात?

आमच्या भागात वीज गेली की ते डोळ्यांच्या आधी कानांना कळायचं. सोलापूरचा पूर्व भाग म्हणजे यंत्रमागांची वस्ती. खटखट दिवसरात्र चालू, इतकी की ती ऐकूच येईनाशी झालेली. भारनियमनाच्या वेळी ती एकदम थांबायची आणि सगळी गल्ली ओट्यावर यायची. मोठी माणसं पदराने, नाहीतर जुन्या पंचांगाने वारा घेत बसायची. आम्ही पोरं वहीचं मागचं पान फाडून चार चिठ्ठ्या करायचो: राजा, प्रधान, शिपाई, चोर. शेजारची तेलुगू बोलणारी पोरं राजाला ‘राजु’ म्हणायची, पलीकडच्या कानडी घरातली ‘अरस’. चिठ्ठीवर मात्र सगळ्यांच्या सोयीने नुसतं ‘रा’.

खेळ सगळ्यांना माहीत असेलच. चिठ्ठ्या उधळायच्या, प्रत्येकाने एक उचलायची. राजा आपली चिठ्ठी दाखवून ओरडणार, “माझा प्रधान कोण?” प्रधानाने पुढे यायचं आणि उरलेल्या दोघांतला चोर ओळखायचा. ओळखला तर प्रधानाला आठशे गुण, चुकला तर ते आठशे चोराच्या खात्यात. शिपायाला पाचशे. आणि राजाला हजार. चोर सापडो न सापडो, हजार.

गुण लिहायचं काम माझ्याकडे असायचं, कारण माझं अक्षर बरं होतं आणि मला चोर ओळखता यायचा नाही. एकदा एका पोराला सलग चार वेळा राजा आला. त्याने चिठ्ठीचा कोपरा नखाने दुमडून खूण केली होती, हे पाचव्या वेळी लक्षात आलं. बाकीचे तिघं उठले. तो एकटाच ओट्यावर चिठ्ठी धरून, “अरे, राजा हाय की मी!” त्याचा प्रधान व्हायला कुणी आलं नाही. मीही त्याचे हजार लिहिले नाहीत.

पुढे इतिहास वाचायला लागले तेव्हा कळलं, की राजा या प्रकाराबद्दल माणसांनी हजारो वर्षं जे वाद घातले त्यातले बरेचसे त्या चार कागदांत होते. काही न करता हजार कशाबद्दल? चूक झाली तर गुण प्रधानाचेच का जातात? आणि चिठ्ठी हातात असताना बाकीचे उठून गेले, तर त्या चिठ्ठीचं काय करायचं? सोलापुरातून हे जरा नीट दिसतं असं माझं मत आहे. हे गाव कुठल्या मोठ्या घराण्याची राजधानी कधी झालं नाही. कायम सीमेवरचं ठाणं. राजे बदलले आणि गाव बघत राहिलं.

राजा आला कुठून, हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात उघडपणे विचारलाय तो युधिष्ठिराने. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म शरशय्येवर पडलेत आणि हा नवा राजा त्यांना विचारतो: हात सारखे, मान सारखी, पोट-पाठ सारखी, सुखदुःखही सारखंच, मग एक माणूस इतक्यांवर राज्य कसा काय करतो? नुकतंच सिंहासन मिळालेल्या माणसाने हे विचारावं, याचं मला फार कौतुक वाटतं. भीष्मांकडे एकच उत्तर नाही. एका ठिकाणी ते म्हणतात, राजा नव्हता तेव्हा मत्स्यन्याय होता, मोठा मासा लहान माशाला गिळायचा. लोक ब्रह्मदेवाकडे गेले, त्याने मनूकडे बोट दाखवलं, आणि मनू चक्क नको म्हणाला. माणसं खोटं वागतात, त्यांच्यावर राज्य करणं हे पापाचं काम, मला भीती वाटते, असं त्याचं म्हणणं. मग लोकांनी अटी मांडल्या: जनावरं आणि सोनं यांचा पन्नासावा हिस्सा देऊ, धान्याचा दहावा देऊ, आमचं पाप आमच्याकडे राहील आणि आमच्या पुण्याचा चौथा भाग तुला. तेव्हा तो तयार झाला. बाजारात बैलाचा सौदा होतो तसा हा सौदा, फक्त रुमालाखाली बोटं न दाबता उघड्यावर झालेला.

त्याच पर्वात वेनाची गोष्ट येते. वेन राजा धर्म सोडून वागू लागला, तेव्हा ऋषींनी त्याला मंत्रलेल्या दर्भांनी मारला. त्याच्या उजव्या हाताचं मंथन केल्यावर पृथू निघाला, आणि त्याने प्रजेला सुखी केलं. म्हणजे राजाला मारता येतं, पण गादी रिकामी ठेवता येत नाही. हे दोन्ही एकाच कथेत सांगून ठेवलंय.

बौद्ध परंपरेतली गोष्ट आणखी साधी आहे. पाली भाषेतल्या अग्गञ्ञ सुत्तात लोक भाताची शेतं वाटून घेतात, मग चोऱ्या सुरू होतात, मग भांडणं. शेवटी सगळे मिळून एकाला निवडतात: तू रागवायचं तिथे रागव, हाकलायचं त्याला हाकल, आम्ही तुला आमच्या भातातला वाटा देऊ. त्या पहिल्या राजाचं नावच ‘महासंमत’, म्हणजे बहुतांनी मान्य केलेला. सोलापूरकराच्या कानाला हा शब्द परका नाही. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वर तलावाशेजारच्या संमती कट्ट्यावर सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या योगदंडाचा कुंभारकन्येशी विवाह लागतो. सातही नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, समोर उभे असतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं दाटीवाटीने थांबलेली असतात, संमती वाचली जाते, ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ असा घोष होतो आणि मगच अक्षता पडतात. लग्न खरं की प्रतीकाचं, हा प्रश्न तिथे कुणी काढत नाही. इतक्या लोकांसमोर संमती वाचली गेली, म्हणून ते लागलं. राज्याभिषेकही बहुतेक अशाच जातीचा सोहळा आहे; त्याकडे मी पुढे येतेच.

याच्या उलट बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. मनुस्मृती सांगते की राजा लहान मूल असला तरी ‘माणूसच तर आहे’ म्हणून त्याचा अवमान करू नये, तो माणसाच्या रूपातला मोठा देव आहे. मोगल दरबारात बादशहाकडे ईश्वरी तेज आहे असं मानत, आणि तो सकाळी झरोक्यात येऊन रयतेला दर्शन देई. चीनमध्ये राजा स्वर्गाच्या आदेशाने राज्य करतो असं समजत. पण दुष्काळ, पूर, बंड वाढलं की तो आदेश काढून घेतला गेला, असंही लगेच म्हणत. देवाने दिलेली गादी देव परत घेतो, आणि देवाने घेतली हे ठरवतात लोकच. फिरून तिथेच आलो.

‘राजा’ शब्दाची आपल्याकडची जुनी व्युत्पत्तीही याच बाजूची. महाभारत, अग्गञ्ञ सुत्त आणि कालिदास तिघंही सांगतात की जो प्रजेचं रंजन करतो तो राजा. भाषाशास्त्रज्ञ हे मान्य करत नाहीत. त्यांच्या मते हा शब्द लॅटिनमधल्या ‘रेक्स’चा सख्खा भाऊ आहे आणि रंजनाशी त्याचा संबंध नाही. पण चुकीची व्युत्पत्तीसुद्धा लोकांना काय हवं होतं ते सांगून जाते. तीन वेगवेगळ्या घरांनी एकच चूक करावी, हे काही उगीच नाही.

कौटिल्याला असल्या गोडव्यात रस नव्हता. त्याच्या अर्थशास्त्रात राज्याची सात अंगं आहेत: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड, मित्र. राजा हे त्यातलं एक. पहिलं खरं, पण सातातलं एक. आणि या पहिल्या अंगाचं वेळापत्रक त्याने असं लावलंय की आजच्या कुठल्याही स्पर्धा परीक्षेच्या पोराने हात टेकावेत. दिवसाचे आठ भाग, रात्रीचे आठ. हिशेब बघणं, लोकांची गाऱ्हाणी ऐकणं, हेरांच्या बातम्या, सेनापतीशी चर्चा. झोपेला रात्रीतला चौथा आणि पाचवा भाग. मोजून बघितलं तर तीन तास. बाकी वेळ त्याने सावध राहायचं, जेवणापासून आणि राणीच्या दालनापासूनही, आणि सगळ्यात जास्त मुलांपासून. राजपुत्र खेकड्याच्या जातीचे, ते बापालाच खातात, असं तो लिहितो. ‘राजाला दिवाळी काय ठाऊक’ ही म्हण आपण रोजच चैनीत असणाऱ्याबद्दल वापरतो. कौटिल्याचा राजा बघितला तर वाटतं, बिचाऱ्याला दिवाळी खरोखरच ठाऊक नसेल.

राजाने प्रजेकडून घ्यायचं किती? राजेपणाचा खरा पेच इथे आहे, आणि तो सगळ्यात चांगला मांडलाय एका कहाणीने, जी माझी आजी श्रावणी सोमवारी सांगायची. आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता. (कहाणीतल्या राजाला नाव नसतं, हे कधी लक्षात आलंय? नाव दिलं की तो एक राजा होतो. नाव नसलं की सगळे.) त्याच्या मनात आलं, महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. दवंडी पिटली: गावातलं सगळं दूध देवळात आणा, घरी थेंब ठेवू नका. लोक घाबरले, घागरी ओतल्या. गाभारा भरला नाही. दुपारी एक म्हातारी आली. तिने घरची कामं आवरली होती, मुलाबाळांना जेवू घातलं होतं, वासरांना पाजलं होतं, आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन ती आली. ते ओतलं आणि गाभारा भरला.

पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्या सोमवारी राजाने पाळत ठेवली आणि म्हातारीचा हात धरला. ती घाबरली, राजाने अभय दिल्यावर म्हणाली, तुझ्या हुकमाने पोरं रडली, वासरं तडफडली, घराघरातून हाय हाय झाली, ते देवाला आवडलं नाही.

लहानपणी मला यात फक्त भक्ती दिसायची. आता दिसतो तो महसूल. राजाचा हेतू वाईट नाही. दूध स्वतःसाठी नाही, देवासाठी मागतोय. दवंडी कायदेशीर आहे, लोक मुकाट्याने पाळतायत. तरीही कोश भरत नाही, कारण वासराचं तोंड बांधून काढलेलं दूध मोजमापात धरलं जात नाही. कालिदासाने रघुवंशात हेच सूर्याच्या दाखल्याने सांगितलंय: दिलीप राजा कर घेई तो सूर्य पाणी शोषतो तसा, हजारपटीने परत देण्यासाठी. पण कालिदास राजाकडून बोलतोय, आजी वासराकडून. मला आजीचं जास्त पटतं.

हीच गोष्ट कागदावर, शाईने, खऱ्या राजाकडून आलेली बघायची असेल तर शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना गेलेलं पत्र वाचावं. पावसाळ्यात घोडदळ तळ देऊन बसलंय, धान्य आणि वैरण जपून वापरा, नाहीतर संपेल, असा विषय. संपलं तर काय होईल? तुमच्यातला कुणी कुणब्याकडून दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा, कुणी भाजी. मग घर धरून राहिलेले कुणबी जाऊ लागतील, उपाशी मरतील, आणि मोगल मुलुखात आले त्यापेक्षा तुम्ही वाईट असं त्यांना वाटेल. त्याच पत्रात, रात्री दिवे जळते ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, असंही आहे. राजेपण म्हणजे भव्य काहीतरी असं आपण धरून चालतो, आणि इथे भाकर, भाजीपाला आणि उंदीर.

आता राज्याभिषेक. ६ जून १६७४ ला रायगडावर तो झाला तेव्हा महाराजांकडे किल्ले होते, फौज होती, खजिना होता. मग हा सोहळा कशाला? सोप्या शब्दांत सांगायचं तर, सत्ता होती पण तिला नाव नव्हतं. दिल्लीच्या लेखी ते बंडखोर जमीनदार, विजापूरच्या लेखी आपल्याच सरदाराचा मुलगा. त्यांच्याआधी मोठमोठे मराठे सरदार होते, पण ते कुणाचे तरी चाकर. ज्याने इनाम दिलं तोच उद्या कुणाचा चाकर ठरला, तर इनामाच्या कागदाची किंमत काय? म्हणून गागाभट्ट आले, छत्र आलं, नवा शक सुरू झाला. सुलतानांच्या राज्यात हेच काम खुतबा आणि सिक्का करत: शुक्रवारच्या प्रार्थनेत कुणाचं नाव घेतलं आणि नाण्यावर कुणाचं नाव उमटलं, त्यावरून राज्य कुणाचं ते कळे. आणि एक बाब शाळेत पटकन सांगून टाकतात: त्याच वर्षी २४ सप्टेंबरला महाराजांनी निश्चलपुरी गोसावींच्या हातून दुसरा, तांत्रिक पद्धतीचा अभिषेक करून घेतला. मला तो व्यवहारी शहाणपणा वाटतो. एका गटाने मानलं म्हणजे सगळ्यांनी मानलं असं होत नाही.

आमच्या खेळातला प्रधान आठवा. सगळी डोकेफोड त्याची. पेशव्यांच्या शिक्क्यावर ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान’ आधी आणि ‘मुख्य प्रधान’ नंतर असे. शाहू महाराजांनंतर साताऱ्याच्या गादीकडे नाव उरलं, कारभार पुण्यात गेला. तरी नव्या पेशव्याला पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच यायला लागायची. इंग्रजांनी हे बरोबर हेरलं. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने जाहीर केलं की आम्ही पेशव्याला काढतोय, साताऱ्याच्या राजाला पुन्हा बसवतोय. कामापुरता राजा वापरला आणि १८४८ मध्ये ते संस्थान खालसा करून टाकलं.

सोलापूरच्या भुईकोटाला तर नावापेक्षा करार जास्त माहीत. बहामनी काळातला हा दुहेरी तटाचा किल्ला विजापूर आणि अहमदनगर यांच्या मधोमध पडला. १५२४ च्या सुमारास आदिलशहाच्या बहिणीचं निजामशहाशी लग्न झालं आणि हुंड्यात हा किल्ला द्यायचा ठरला. नवरी गेली, किल्ला गेला नाही. त्यावरून पुढे कित्येक वर्षं लढाया. अखेर निजामशहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा उलट दिशेने सोलापूरच हुंड्यात आलं, आणि एक झालेल्या सुलतानांनी १५६५ मध्ये विजयनगरचा पाडाव केला. पुढे हीच चांदबिबी नऊ वर्षांच्या इब्राहिम आदिलशहाच्या नावाने विजापूर सांभाळत होती आणि नंतर एका तान्ह्या निजामशहाच्या नावाने मोगलांशी अहमदनगर लढवत होती. दोन्हीकडे गादीवर मूल, तटावर ती. हजार गुण कुणाच्या नावावर लिहिले गेले, हे सांगायला नको.

शेजारच्या अक्कलकोटच्या घराण्याची सुरुवात याहून नाट्यमय आहे. औरंगजेब गेल्यावर १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परतत होते. वाटेत एका गावाने त्यांना अडवलं, झटापटीत गावचा लोखंडे पाटील मारला गेला. त्याच्या बायकोने आपलं लहान मूल आणून महाराजांच्या पुढ्यात ठेवलं. परतीच्या वाटेवरची ती पहिली फत्ते, म्हणून मुलाचं नाव ठेवलं फत्तेसिंह, आडनाव दिलं भोसले, आणि पुढे अक्कलकोट त्याच्याकडे गेलं. ज्याने बाप मारला त्याच्याच नावाने ते पोर राजघराण्याचा मूळपुरुष झालं. रक्ताने राजा होतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघून यावं; तलवारी, बंदुका रांगेने लावल्यात, आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी एका आईने टेकवलेलं पोर आहे.

नाव आणि सत्ता वेगळी करता येईल असं ज्या राजाला वाटलं, त्याचं काय होतं ते शेक्सपिअरच्या लिअरमध्ये आहे. म्हातारा लिअर राज्य मुलींना वाटून टाकतो, पण राजा हे नाव आणि शंभर स्वार स्वतःकडे ठेवतो. मुली घासाघीस सुरू करतात. शंभर कशाला, पन्नास पुरे. पन्नास तरी कशाला, पंचवीस. मग दहा, पाच, आणि एक तरी हवा कशाला? भाजी मंडईत भाव उतरतो तशी एका राजाची किंमत उतरत जाते. मराठी प्रेक्षकाला हे दुःख ‘नटसम्राट’मधून जास्त ओळखीचं आहे, तिथे राज्याच्या जागी घर आणि शिल्लक आली, बाकी हिशेब तोच.

विसाव्या शतकात सोलापूरचा राजा समुद्रापलीकडे राहत होता आणि लोकांना तो दिसायचा रुपयावर. १९११ मध्ये पंचम जॉर्जचं नवं नाणं आलं. बादशहाच्या अंगरख्यावरच्या पदकमालेत हत्ती होता, पण कोरणाऱ्याने सोंड इतकी आखूड काढली की तो लोकांना डुक्कर वाटला. बोभाटा झाला, नाणी परत घेतली, पुढच्या वर्षी सोंड नीट काढलेला रुपया आला. ज्याच्या राज्यावर सूर्य मावळत नाही म्हणत, त्याला बाजारपेठेतल्या कुजबुजीपुढे सोंड लांब करावी लागली. मे १९३० मध्ये मात्र तो विनोद नव्हता. सोलापुरात लोकांच्या उठावापुढे पोलीस माघारले, काही दिवस सरकार नावाची चीज शहरात उरली नाही, आणि मग लष्करी कायदा लागला. त्या काळी फौजदारी खटला बादशहाच्या नावाने चाले. एका बाजूला आरोपी, दुसऱ्या बाजूला सम्राट. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. सोलापूरने त्या चौघांचे पुतळे उभारले.

आमच्याकडच्या बहुतेक राजांची संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली, अक्कलकोटही. १९७१ मध्ये तनखे बंद झाले. आमच्या जिल्ह्यात एक राजा तेवढा राहिला, पंढरपूरचा. त्याला लोक पंढरीराया म्हणतात ते लाडाने, पण देवळातला कारभार खरोखरच राजवाड्याचा होता. बडव्यांखेरीज सात सेवाधारी घराणी: पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे, दिवटे. डिंगऱ्यांनी आरसा दाखवायचा, डांग्यांनी चोप, म्हणजे मानाची काठी, धरायची, दिवट्यांनी मशाल. पहाटे काकड्याने उठवायचं, स्नान, पोशाख, नैवेद्य, रात्री शेजारती. देवळातल्या ‘चौऱ्याऐंशीचा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिलालेखात १२७३ ते १२७७ या काळातल्या दानांच्या नोंदी आहेत. तिथे यादवांचा राजा रामचंद्र येतो तोही देणाऱ्यांच्या यादीत, बाकीच्यांच्या सोबत.

आणि या राजाची खरी परीक्षा सांगितलीय ती मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेत. बहामनी सुलतानाचा हा अधिकारी. दुष्काळ पडला, लोक मरायला लागले, आणि त्याने सरकारी कोठारं उघडली. धान्य राजाचं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. बिदरहून पकडायला माणसं आली. कथा म्हणते की दामाजी वाटेत असतानाच विठू नावाचा महार दरबारात पोचला, खांद्यावर घोंगडी, आणि त्याने धान्याची पुरती किंमत मोजून पावती घेतली. दोन राजे समोरासमोर आलेले आपल्या कथांमध्ये पुष्कळ आहेत. पण त्यातल्या एकाने अस्पृश्याचं रूप घेऊन दुसऱ्याचं बिल भागवावं, हे मी तरी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने बडवे आणि सेवाधाऱ्यांचे वंशपरंपरेचे हक्क गेले. आता कामं मंदिर समितीची माणसं पगारावर करतात. राजाचा दिनक्रम मात्र चालू आहे. आषाढीच्या आधी शेजघरातला पलंग काढून टाकतात, कारण वारी आली की चोवीस तास दर्शन द्यायचं, झोपायचं नाही. पाठीला टेकायला मागे लोड लावतात तेवढाच. कौटिल्याने दिलेले तीन तासही इथे मिळत नाहीत. वारकरी परत फिरले की प्रक्षाळपूजा होते, पलंग पुन्हा घातला जातो, आणि उभं राहून राहून अंग मोडलं असेल म्हणून त्या रात्री देवाला काढा देतात.